‘जाणत्यांचा गुरू’ इंग्रजीत नेताना : दान्तेच्या एका ओळीवरून नवोदित भाषांतरकारांसाठी मार्गदर्शन

एखाद्या विचारवंताचे नाव न घेता केवळ गौरवाच्या एका पदावरून त्याची ओळख पटवून देण्याची पद्धत जुन्या इटालियन काव्यात चांगलीच रुळलेली आहे. दान्ते आलिगिएरी (१२६५–१३२१) याच्या ‘दिव्हिना कोम्मेदिया’ या महाकाव्यातील ‘इन्फेर्नो’ म्हणजे नरक या भागाच्या चौथ्या सर्गातील १३१वी ओळ हे तिचे ठळक उदाहरण होय. ‘विदी ल माएस्त्रो दी कोलोर के सान्नो’ अशी ती ओळ आहे. तिचा सरळ अर्थ ‘जे जाणतात त्यांचा गुरू मला दिसला’ असा होतो आणि हा गुरू म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल. इटालियन व्याकरणाची तोंडओळख झालेली आहे, इंग्रजी लिहिता येते, पण साहित्यिक मजकुराला अजून हात घातलेला नाही, अशा मराठी वाचकासाठी हा लेख आहे. या एका ओळीचे इंग्रजी भाषांतर कोणत्या क्रमाने करावे आणि वाटेत कुठे थांबून विचार करावा, हे त्यात दाखवले आहे. ओळ लहान असल्यामुळे काम चटकन उरकेल असे वाटते, परंतु अशा ओळींत कवीने जे सांगायचे टाळलेले असते ते भाषांतरातही टाळलेलेच राहिले पाहिजे, आणि नवख्या भाषांतरकाराची गाडी बहुधा तिथेच अडते.

पहिली पायरी : ओळ एकटी वाचू नये

गौरवपर पद हाती आले, की ते जिथून आले तो पूर्ण उतारा आधी वाचावा. कवितेच्या बाबतीत मागचे-पुढचे किमान चार-पाच चरणगट तरी वाचायला हवेत. येथे प्रसंग असा आहे की वाटाड्या झालेल्या व्हर्जिल या रोमन कवीच्या मागोमाग चालणारा दान्ते नरकाच्या पहिल्या वर्तुळात, म्हणजे लिंबोत, सात तटांनी वेढलेल्या एका किल्ल्यात येतो. ख्रिस्ती धर्माची दीक्षा न मिळालेले, पण थोर असे लोक तेथील हिरवळीवर आहेत. आधी त्याला वीर आणि वीरांगना दिसतात, एका बाजूला एकटाच असलेला सुलतान सलादिन दिसतो, आणि मग तो नजर आणखी थोडी वर उचलतो. तेव्हा त्याला हा गुरू ‘तत्त्वज्ञांच्या परिवारात बसलेला’ दिसतो. सगळे त्याच्याकडे पाहत आहेत, सगळे त्याला मान देत आहेत, आणि सॉक्रेटिस व प्लेटो इतरांच्या पुढे, त्याच्या सर्वांत जवळ आहेत.

येथे दोन गोष्टी टिपून ठेवाव्यात. पहिली अशी की सॉक्रेटिस, प्लेटो, डेमॉक्रिटस, डायोजिनिस, थेल्स, युक्लिड, टॉलेमी, हिप्पोक्रेटिस, गेलन, इब्न सिना, इब्न रुश्द अशा कितीतरी जणांची नावे दान्ते पुढच्या दहा-बारा ओळींत घेतो, पण ज्याच्याभोवती हे सगळे जमले आहेत त्याचे नाव मात्र घेत नाही. त्यामुळे ‘आय सॉ ॲरिस्टॉटल, द मास्टर ऑफ दोज हू नो’ असे लिहिणे ही वाचकाची सोय वाटली तरी ती कवीच्या हेतूच्या विरुद्ध जाते. नाव सांगायचेच असेल तर ते टीपेत सांगावे. दुसरी गोष्ट बसण्याची आहे. गुरूसाठी ‘सेदेर’ म्हणजे बसणे आणि सॉक्रेटिस-प्लेटो यांच्यासाठी ‘स्तान्नो’ हे क्रियापद आहे, ज्यात ‘असणे’ आणि ‘उभे असणे’ या दोन्ही छटा येतात. मध्ययुगीन विद्यापीठात आचार्य आसनावर बसून शिकवीत असे. त्यामुळे एक बसलेला आणि बाकीचे त्याच्याभोवती, हे दृश्य त्या काळच्या वाचकाला नावाशिवायही पुरेसे बोलके होते. भाषांतरात बसण्या-उभे राहण्याचा हा भेद हरवला तर मानाची अर्धी खूण हरवली असे समजावे.

दुसरी पायरी : व्याकरण पक्के करावे

कोशाकडे धावण्यापूर्वी प्रत्येक शब्दाचे रूप ओळखावे. ‘विदी’ हे ‘वेदेरे’ म्हणजे पाहणे या क्रियापदाचे प्रथमपुरुषी एकवचनी भूतकाळी रूप आहे. पुढे जो एकटा ‘ल’ दिसतो तो ‘इल’ या उपपदाचा आधीच्या स्वरामुळे आखडलेला अवशेष आहे. येथपर्यंत काही अडचण येत नाही.

खरी मेख ‘कोलोर’ या शब्दात आहे. इटालियनमध्ये रंगाला ‘कोलोरे’ म्हणतात आणि काव्यात शेवटचा स्वर गळून त्याचेही ‘कोलोर’ होऊ शकते. त्यामुळे नवखा वाचक, आणि कधीकधी यंत्रही, येथे रंग शोधू लागतो आणि ‘रंगांचा उस्ताद’ असे काहीतरी हाती येते. प्रत्यक्षात हे ‘कोलोरो’ या सर्वनामाचे, म्हणजे ‘ते लोक’ या अर्थाच्या शब्दाचे, छंदासाठी आखूड केलेले रूप आहे. त्याचा पुरावा ओळीतच आहे. पुढचे ‘सान्नो’ हे ‘सापेरे’ या क्रियापदाचे तृतीयपुरुषी अनेकवचन आहे, तेव्हा ‘के’ या संबंधी सर्वनामाच्या मागे अनेकवचनी माणसेच हवीत, एकवचनी रंग तेथे बसत नाही. शब्द ओळखीचा वाटला तरी त्याची क्रियापदाशी सांगड बसते का, हे तपासायची सवय लावून घ्यावी. पुढच्याच कडव्यात ‘मीरान’ हे ‘मीरानो’चे असेच आखडलेले रूप येते. तेथेही ‘मीरारे’ म्हणजे टक लावून पाहणे, पण इंग्रजीतल्या ‘ॲडमायर’शी त्याचे तोंड मिळतेजुळते असल्याने हात आपोआप त्या शब्दाकडे जातो. हेन्री फ्रान्सिस केरी याने १८१४ साली पूर्ण केलेल्या इंग्रजी भाषांतरात खरोखरच ‘हिम ऑल ॲडमायर’ असे आहे. त्याच्या काळात त्या शब्दात विस्मयाने पाहण्याची जुनी छटा अजून जिवंत होती, म्हणून ते खपून गेले. आज तो शब्द वापरला तर पाहणे जाऊन केवळ कौतुक उरते.

काळाकडेही लक्ष द्यावे. ‘विदी’ भूतकाळ आहे, ‘सान्नो’ वर्तमानकाळ आहे. इंग्रजीत एक क्रियापद भूतकाळात गेले की दुसऱ्यालाही मागे ओढण्याची सवय शाळेत लागलेली असते आणि तिच्या नादात ‘दोज हू न्यू’ असे लिहिले जाते. तसे केले की ॲरिस्टॉटल फक्त मेलेल्या पंडितांचा गुरू ठरतो. दान्तेचा वर्तमानकाळ आज जाणणाऱ्यांना आणि उद्या जाणणाऱ्यांनाही त्या गुरूच्या शिष्यवर्गात बसवतो. हा वर्तमानकाळ कोणत्याही परिस्थितीत सोडू नये.

‘विदी … सेदेर’ ही रचना म्हणजे ‘बसताना किंवा बसलेला पाहिला’. इंग्रजीत ‘सॉ हिम सिट’ म्हटले तर तो आत्ता खाली बसला असा भास होऊ शकतो, तर ‘सीटेड’ किंवा ‘सिटिंग’ म्हटले की तो आधीपासून बसलेला आहे हे स्पष्ट होते. माझ्या मते येथे ‘सीटेड’ सर्वांत योग्य आहे, कारण त्यात आसनाचा मानही सूचित होतो.

तिसरी पायरी : शब्दांचे त्या काळातले वजन पाहावे

आजच्या इटालियन-इंग्रजी कोशावर चौदाव्या शतकातील कविता तोलता येत नाही. त्रेकानी या प्रकाशनसंस्थेचा मोठा इटालियन कोश आणि तिचाच ‘एन्चिक्लोपेदिया दान्तेस्का’ हा दान्तेविषयक ज्ञानकोश महाजालावर विनामूल्य वाचायला मिळतो. दान्तेने वापरलेल्या शब्दांवर त्यात स्वतंत्र नोंदी आहेत. फ्लॉरेन्सच्या क्रुस्का अकादमीचा १६१२ सालचा कोशही जुन्या वापरासाठी उपयोगी पडतो, कारण त्यात अर्थासोबत जुन्या लेखकांची उदाहरणे दिलेली आहेत. इटालियन-इटालियन कोश वाचणे सुरुवातीला जड जाते, पण इंग्रजी प्रतिशब्द थेट शोधण्यापेक्षा तीच वाट अखेरीस जवळची ठरते.

या ओळीत दोन शब्द तोलायचे आहेत. ‘सापेरे’ आणि ‘कोनोशेरे’ ही इटालियनमधील जाणण्याची दोन वेगळी क्रियापदे आहेत. पहिल्यात ज्ञान आणि कौशल्य येते, दुसऱ्यात ओळख आणि परिचय येतो. इंग्रजीचे ‘नो’ हे क्रियापद दोन्ही भार एकटेच वाहते. मराठी माणसाला हा भेद जाणणे आणि ओळखणे यांवरून लगेच समजतो. त्यात आणखी एक गोष्ट अशी की येथे ‘सान्नो’ला कर्म नाही. काय जाणतात, ते सांगितलेले नाही. जाणणारे एवढेच म्हटले आहे. म्हणून ‘दोज हू नो थिंग्ज’ किंवा ‘दोज हू हॅव नॉलेज’ अशी भर घालू नये. या नुसत्या क्रियापदामागे ॲरिस्टॉटलच आहे. त्याच्या ‘मेटाफिजिक्स’ या ग्रंथाची सुरुवात ‘सर्व माणसांना स्वभावतःच जाणण्याची इच्छा असते’ अशा अर्थाच्या वाक्याने होते, आणि दान्तेने आपल्या ‘कोन्विव्हिओ’ या गद्यग्रंथाचा आरंभ तेच वाक्य ‘तत्त्वज्ञ म्हणतो त्याप्रमाणे’ अशा शब्दांत देऊन केला आहे. तेथेही क्रियापद ‘सापेरे’च आहे. ज्याने जाणण्याच्या इच्छेने आपला ग्रंथ सुरू केला, तो जाणणाऱ्यांचा गुरू ठरतो. ‘स्कॉलर्स’, ‘द लर्नेड’, ‘द वाइज’ यांपैकी कोणताही शब्द घेतला की हा धागा तुटतो, कारण इंग्रजीत ॲरिस्टॉटलचे ते वाक्यही ‘नो’ याच क्रियापदाने प्रसिद्ध आहे.

‘द वाइज’ला आणखी एक आक्षेप आहे. याच सर्गात थोडे आधी, १०२व्या ओळीत, होमर-व्हर्जिलादी कवींनी आपल्याला त्यांच्यात सामावून घेतल्याचे सांगताना दान्ते ‘एवढ्या शहाणपणात मी सहावा’ असे म्हणतो आणि तेथे ‘सेन्नो’ हा शब्द वापरतो. शहाणपणासाठी त्याच्याकडे वेगळा शब्द होता आणि तो त्याने तीस ओळी आधी वापरलाही होता. तत्त्वज्ञांच्या वेळी त्याने जाणण्याचे क्रियापद निवडले, हे भाषांतरकाराने पुसून टाकू नये.

‘माएस्त्रो’चा उगम लॅटिन ‘मागिस्तेर’मध्ये आहे. शिकवणारा, कलेत पारंगत असलेला आणि ज्याचा शब्द प्रमाण मानावा असा, या तिन्ही छटा त्यात आहेत. ‘टीचर’ घेतले तर शाळा राहते पण अधिकार जातो. ‘मास्टर’ घेतले तर अधिकार राहतो, मात्र धनी आणि मालक हा नको असलेला अर्थ मागच्या दाराने आत येतो. तरीही ‘मास्टर’च घ्यावा, असे मला वाटते. त्याचे कारण केवळ परंपरेचे नाही. पहिल्या सर्गात दान्ते व्हर्जिलला ‘माझा माएस्त्रो आणि माझा ग्रंथकर्ता’ म्हणतो, दुसऱ्या सर्गाच्या अखेरीस पुन्हा ‘तूच नेता, तूच स्वामी, तूच माएस्त्रो’ म्हणतो. ज्या शब्दाने तो स्वतःच्या गुरूला हाक मारतो तोच शब्द तो सर्व जाणत्यांच्या गुरूला लावतो. दोन ठिकाणी दोन इंग्रजी शब्द वापरले तर ही ओळख वाचकापर्यंत पोहोचणार नाही. केवळ एक ओळ भाषांतरित करायची असली तरी त्या लेखकाने तोच शब्द इतरत्र कुठे वापरला आहे, याची चौकशी म्हणूनच करावी.

ओळ ज्या कडव्यात आहे त्यातील इतर दोन शब्दांचाही येथेच निकाल लावावा. ‘फामिल्या’ म्हणजे आजचे कुटुंब असे मानू नये. जुन्या वापरात, लॅटिन ‘फामिलिया’प्रमाणे, एका घराच्या आश्रयाला असलेली सगळी माणसे, अगदी नोकरचाकरही, त्यात येत. इंग्रजी ‘फॅमिली’ रक्ताच्या नात्याकडे झुकते, ‘हाउसहोल्ड’ जुन्या अर्थाच्या जवळ जाते, पण तत्त्वज्ञांचे ‘हाउसहोल्ड’ म्हटले की आधी घरसंसार डोळ्यांपुढे येतो. येथे मी ‘फॅमिली’ स्वीकारीन, कारण आज इंग्रजीत विचारांच्या नात्यासाठीही तो शब्द सहज चालतो. ‘चिल्या’चे प्रकरण मात्र अधिक फसवे आहे. आजच्या इटालियनमध्ये तो शब्द पापण्यांच्या केसांसाठी वापरतात, दान्तेकडे तो भुवयांसाठी आणि त्यांवरून नजरेसाठी येतो. त्याने भुवया उंचावल्या म्हणजे मान वर करून वर पाहिले. इंग्रजीत ‘रेझ्ड माय आयब्राउज’ म्हटले की नापसंती किंवा आश्चर्य व्यक्त होते, आणि ॲरिस्टॉटलकडे पाहून दान्तेने नाक मुरडले असा भलताच समज होतो. ‘रेझ्ड माय आइज’ लिहावे आणि मोकळे व्हावे.

चौथी पायरी : मराठीचा आधार घ्यावा, पण मराठीतून जाऊ नये

मराठी वाचकाला हे पद वाचताच तुकोबांचे ‘ज्ञानियांचा राजा गुरु महाराव’ आठवल्याशिवाय राहत नाही. दोन्हींत नावाऐवजी जाणत्यांच्या समूहावरून एका व्यक्तीचा मोठेपणा सांगितला आहे, आणि ज्याच्याविषयी हे म्हटले ते ज्ञानदेव तर दान्तेचे जवळजवळ समकालीन होते. ‘ज्ञानेश्वरी’ शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मधली आहे, त्या वर्षी दान्ते पंचवीस वर्षांचा होता. ओळीची घडण समजून घ्यायला हे साम्य फार उपयोगी आहे. षष्ठीचा ‘चा’ येथे काय काम करतो, ते इटालियन ‘दी’ काय करते हे समजण्यासाठी आयते उदाहरण ठरते. ‘ज्ञानियांचा राजा’ हा ज्ञानी लोकांवर सत्ता गाजवणारा नाही, त्यांच्यातलाच श्रेष्ठ आहे. ‘माएस्त्रो दी कोलोर’मध्येही जाणत्यांना शिकवणारा आणि जाणत्यांमधला अग्रणी, असे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. इंग्रजी ‘ऑफ’ हे दोन्ही अर्थ तसेच मोकळे ठेवते, म्हणून तेथे ‘अमंग’ किंवा ‘ओव्हर’ घालून एकाच अर्थाला खुंटी मारू नये.

मात्र साम्य येथेच संपते. मराठी मनात ‘ज्ञानी’ म्हटले की आत्मज्ञान, ब्रह्मज्ञान आलेच. दान्तेचा ॲरिस्टॉटल असा ज्ञानी नाही. दीक्षा आणि श्रद्धा नसल्यामुळे तो लिंबोत आहे, म्हणजे मानवी बुद्धीने जिथवर जाता येते तिथवर गेलेला आणि त्यापुढे न गेलेला असा तो आहे. ‘कोन्विव्हिओ’मध्ये दान्ते त्याला मानवी बुद्धीचा गुरू आणि नेता म्हणतो, आणि त्यात ‘मानवी’ हा शब्द सहज पडलेला नाही. मनात आधी मराठी वाक्य तयार करून मग ते इंग्रजीत न्यायची सवय असेल, तर ‘किंग ऑफ द एनलायटन्ड’ किंवा ‘गुरू ऑफ सेजेस’ असे काहीतरी कागदावर उतरते आणि त्यात आळंदीचा सुगंध येऊ लागतो. तो सुगंध कितीही प्रिय असला तरी या ओळीत त्याला जागा नाही. इटालियन ओळ डोळ्यांसमोर ठेवूनच इंग्रजी वाक्य रचावे.

पाचवी पायरी : विचारवंताबद्दल त्या काळी काय माहीत होते ते पाहावे

ज्या व्यक्तीचा गौरव केला आहे तिच्याबद्दल आज आपल्याला काय माहीत आहे, यापेक्षा लेखकाला काय माहीत होते हे महत्त्वाचे आहे. ॲरिस्टॉटलचे (इ.स.पू. ३८४–३२२) बहुतेक लेखन बाराव्या आणि तेराव्या शतकांत अरबी व ग्रीकमधून लॅटिनमध्ये येऊन पश्चिम युरोपच्या विद्यापीठांत पोहोचले. दान्तेला ग्रीक येत नव्हते, त्याने ॲरिस्टॉटल लॅटिनमधून वाचला. प्लेटोचा मात्र ‘तिमाइओस’ या एका संवादाचा काही भागच प्रामुख्याने लोकांच्या हाती होता. तेव्हा ॲरिस्टॉटल मध्यभागी आणि प्लेटो बाजूला, ही मांडणी आजच्या वाचकाला विचित्र वाटली तरी त्या काळी स्वाभाविक होती. थॉमस अक्विनाससारखे ग्रंथकार ॲरिस्टॉटलला नुसते ‘तत्त्वज्ञ’ म्हणत आणि तो कोण ते सर्वांना कळत असे. नाव न घेण्याची दान्तेची युक्ती याच संकेतावर उभी आहे.

या तपासाची गरज याच सर्गातल्या इतर गौरवपर पदांवरून अधिक पटते. शेवटी येणाऱ्या इब्न रुश्दबद्दल (११२६–११९८) दान्ते ‘ज्याने मोठे भाष्य केले’ असे म्हणतो. येथे ‘ग्रान कोमेन्तो’ हे नुसते विशेषण लावलेले भाष्य असेल असे मानून ‘अ ग्रेट कॉमेंटरी’ लिहिणे सोपे आहे. पण इब्न रुश्दने ॲरिस्टॉटलवर लघु, मध्यम आणि बृहत् अशा तीन प्रकारची भाष्ये लिहिली होती, आणि लॅटिन जगात तो ‘भाष्यकार’ याच नावाने ओळखला जात असे. म्हणून तेथे ‘द ग्रेट कॉमेंटरी’ असे निश्चित उपपदासह लिहावे लागते. ‘सेनेका मोराले’ हे दुसरे उदाहरण. मध्ययुगात नीतिपर ग्रंथ लिहिणारा सेनेका आणि शोकनाट्ये लिहिणारा सेनेका या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत असा समज पसरलेला होता. त्यामुळे ‘मोराले’ हा शब्द सेनेका सदाचारी होता असे सांगत नसून तो कोणता सेनेका आहे ते सांगतो. ‘मॉरल सेनेका’पेक्षा ‘सेनेका द मॉरलिस्ट’ हे म्हणून बरे. डेमॉक्रिटसबद्दल ‘जो जग योगायोगावर ठेवतो’ असे शब्दशः येते, आणि तेथे ‘पोने’ हे क्रियापद तत्त्वज्ञानातल्या ‘प्रतिपादन करणे’ या अर्थाने घ्यायचे असते. त्याने जग कुठेतरी आडवेतिडवे ठेवून दिले नाही, जग योगायोगाने झाले असा सिद्धान्त मांडला.

सहावी पायरी : मसुदे करावेत आणि त्यांतले पदरचे शब्द खोडावेत

आता लिहायला बसावे. पहिला मसुदा अगदी शब्दाला शब्द ठेवून करावा : ‘आय सॉ द मास्टर ऑफ दोज हू नो’. तो कुरूप दिसेल म्हणून घाबरू नये. या ओळीच्या बाबतीत तर तो कुरूपही दिसत नाही. शब्दशः मसुदा आणि अंतिम मसुदा एकच निघावा असे भाग्य क्वचित लाभते, आणि येथे गद्यापुरते ते लाभले आहे. इंग्रजीत ॲरिस्टॉटलचा उल्लेख करणारे लेखक आजही हेच शब्द वापरतात.

पद्यात न्यायचे असेल तर मात्र अडचणी सुरू होतात. मूळ ओळ अकरा अक्षरावयवांची आहे, तिचा ठाम आघात दहाव्यावर, म्हणजे ‘सान्’वर पडतो. इंग्रजीतला तिचा नेहमीचा समकक्ष छंद दहा अवयवांचा आहे आणि वरची ओळ मोजली तर नऊच भरतात. एक अवयव कुठून आणायचा? ‘आय सॉ द मास्टर ऑफ दोज मेन हू नो’ असे केले तर छंद बिनचूक बसतो, पण ‘कोलोरो’मध्ये स्त्री-पुरुष असा भेद नाही आणि इंग्रजीने तो विनाकारण आणला. ‘देन सॉ द मास्टर ऑफ ऑल दोज हू नो’ यात ‘ऑल’ पदरचा आहे आणि त्याने दावा फुगतो. दान्तेने ‘सर्व’ हा शब्द राखून ठेवून पुढच्या कडव्यात ‘सगळे पाहतात, सगळे मान देतात’ असा दोनदा ठोकला आहे, तो आधीच खर्च केला तर तेथे त्याचा जोर उतरतो. ‘आय सॉ द मास्टर देअर ऑफ दोज हू नो’ यात ‘देअर’ने अर्थ बिघडत नाही, पण तीन ओळींनंतर ‘क्वीवी’ म्हणजे ‘तेथे’ येणारच आहे आणि मग पुनरुक्ती होते. मला यांतले एकही पूर्ण पटत नाही. एक अवयव कमी असलेली ओळ तशीच ठेवणे मी पसंत करीन, कारण इंग्रजी पद्याला अशी एखादी आखूड ओळ सहज पचते.

यमकाच्या मागे नवख्याने लागू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. मूळात ‘सान्नो’, ‘फान्नो’, ‘स्तान्नो’ ही तिहेरी यमके आहेत आणि त्यांतून जाणणे, मान देणे आणि जवळ असणे या तीन क्रिया एकमेकींत गुंफल्या जातात. इटालियनमध्ये क्रियापदांच्या अंत्य स्वरांमुळे हे सहज जमते, इंग्रजीत त्यासाठी वाक्य ओढूनताणून वाकवावे लागते.

सातवी पायरी : जुनी भाषांतरे शेवटी उघडावीत

आपला मसुदा झाल्यावरच जुनी भाषांतरे पाहावीत, आधी पाहिली तर त्यांचे शब्द कानातून जात नाहीत. केरीने ही ओळ ‘द मास्टर ऑफ द सेपिएंट थ्राँग’ अशी केली आहे. जाणणे हे क्रियापद गेले, त्याच्या जागी लॅटिन वळणाचे विशेषण आले, आणि ‘ते लोक’ या साध्या सर्वनामाची गर्दी झाली. त्याच्या निर्यमक पद्याच्या भारदस्त चालीत ते शोभते, पण दान्तेच्या साधेपणाची त्यात किंमत मोजावी लागली आहे. हेन्री वॉड्सवर्थ लाँगफेलो याच्या १८६७ सालच्या भाषांतरात ‘द मास्टर आय बिहेल्ड ऑफ दोज हू नो’ असे आहे. शब्द सगळे जागेवर आहेत, छंदही दहाच्या दहा अवयवांचा आहे, परंतु तो जुळवण्यासाठी ‘मास्टर’ आणि ‘ऑफ दोज’ यांच्यामध्ये क्रियापद घुसवावे लागले. मूळात अखंड असलेले पद त्यामुळे मधोमध चिरले गेले आहे. पुढच्या ओळीत त्याने ‘सिट विथ हिज फिलॉसॉफिक फॅमिली’ असे म्हटले आहे, तेथे ‘हिज’ मूळात नाही. इटालियन ओळीत कोणतेही उपपदच नाही, आणि इंग्रजीला काहीतरी लागतेच म्हणून त्याने संबंधवाचक सर्वनाम निवडले. ते चुकीचे म्हणता येत नाही, फक्त त्याने परिवार एका माणसाच्या मालकीचा होतो. ‘अ’ वापरले तर तो कोणताही एक परिवार होतो, ‘द’ वापरले तर एकमेव होतो. मी ‘द’ घेईन.

मोठ्या लिपीचा प्रश्नही येथेच उद्भवतो. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्यामुळे मराठी भाषांतरकाराचे त्याकडे दुर्लक्ष होते. लाँगफेलोने ‘मास्टर’चे पहिले अक्षर मोठे छापले आहे. इटालियन आवृत्त्यांत ‘माएस्त्रो’ लहान अक्षरानेच छापलेला दिसतो. मोठे अक्षर जवळजवळ विशेषनामाचे काम करते आणि ख्रिस्ती वाचकाला तर त्यातून येशूचाही भास होऊ शकतो. लिंबोत बसलेल्या माणसाला तो मान नको, म्हणून लहान अक्षर ठेवावे.

आठवी पायरी : कुठे छापले जाणार आहे त्याप्रमाणे शेवटचा हात फिरवावा

तत्त्वज्ञानावरील निबंधात हे पद उद्धृत करायचे असेल तर ‘द मास्टर ऑफ दोज हू नो’ एवढेच पुरे. अवतरणचिन्हांत द्यावे, सर्ग आणि ओळ यांचे आकडे द्यावेत, आणि ॲरिस्टॉटलचे नाव आपल्या स्वतःच्या वाक्यात, अवतरणाबाहेर ठेवावे. संपूर्ण कडवे द्यायचे असेल तर ओळींची मोडणी मुळाप्रमाणे ठेवावी आणि गद्यानुवादालाही ओळींचे आकडे जोडावेत, म्हणजे इटालियन जाणणाऱ्याला पडताळता येते. चित्राखालची ओळ किंवा प्रदर्शनातला फलक असेल तर टीपेला जागा नसते. तेथे नाव शीर्षकात जाऊ द्यावे आणि उद्धरण अबाधित ठेवावे. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात ‘दिव्हिना कोम्मेदिया’चे एक जुने हस्तलिखित आहे. अशा हस्तलिखिताजवळचा फलक लिहायची वेळ एखाद्या मराठी माणसावर आली, तर नेमका हाच प्रश्न समोर उभा राहील.

मूळ मजकूर कोणत्या आवृत्तीतून घेतला तेही नोंदवावे. दान्तेच्या स्वतःच्या हातची प्रत उपलब्ध नाही, आणि हस्तलिखितांतून पाठ वेगवेगळे येतात. आज बहुतेक अभ्यासक जोर्जो पेत्रोक्की याने १९६६–६७ मध्ये सिद्ध केलेला पाठ प्रमाण मानतात, नवख्यानेही तोच धरावा. टीप लिहिताना ती तीन ओळींपेक्षा लांबवू नये : गुरू म्हणजे ॲरिस्टॉटल, त्या काळी त्याला नुसते ‘तत्त्वज्ञ’ म्हणत, आणि ‘इन्फेर्नो’, सर्ग ४, ओळ १३१.